मागे ऐकू येत नाही!

आमच्या गावात ओदिल पेरनूचा आवाज ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि खुद्द ओदिलला ओळखणारी माणसं शोधायला लागली असती. पोस्टाच्या रांगेत बाई अर्धा तास उभी राहिली तरी तिच्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. खिडकीशी पोचली की ती काहीतरी पुटपुटणार, आतला माणूस तीनदा "काय म्हणालात?" विचारणार, मग ही लाल होऊन तिकिटाकडे बोट दाखवणार. आणि हीच बाई पेलिकान दुकानातल्या काचेच्या खोलीत सात पायऱ्या चढून गेली, माइक हातात घेतला, की काय सांगू! भाजीच्या विभागातले कांदेसुद्धा सरळ बसायचे.

मी लिलियान. पेलिकानमध्ये चार नंबरच्या कॅश काउंटरवर मी छत्तीस वर्षं काढली. तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते, नंतर तक्रार नको. ओदिल माझी मैत्रीण, आणि तिची गोष्ट ती स्वतः कधी सांगणार नाही, म्हणून मी सांगतेय.

पेलिकान म्हणजे म्हाताऱ्या गोतेरोचं दुकान. हा गोतेरो डोंगराखालच्या गावातला साधा वाणी. हातगाडीवर साबण आणि साखर विकायचा. कुठेतरी त्याने बघितलं, की गिऱ्हाइकाने स्वतःच फळीवरून वस्तू घ्यायची आणि जाताना पैसे द्यायचे. झालं, माणूस पेटला. "बायकांना आपल्या हाताने वस्तू उचलू द्या, दुप्पट उचलतात," असं म्हणायचा, आणि मेला खोटं बोलत नव्हता. दुकानाला पेलिकान पक्ष्याचं नाव का? तर त्या पक्ष्याच्या चोचीखाली पिशवी असते. तीच त्याने पाटीवर काढली: हिरवा पक्षी, एवढी थोरली चोच, चोचीत पाव, वाइनची बाटली आणि कोंबडी.

आमच्या गावातलं पेलिकान त्याचं सातवं. कुरणातच बांधलं होतं, त्यामुळे उद्घाटनाच्या दिवशी महापौरांनी फीत कापल्याबरोबर सगळ्यांत आधी आत शिरली ती ब्वासोंची गाय. थेट बिस्किटांच्या फळीपर्यंत गेली. म्हातारा गोतेरो ओरडला, "अरे हाकलू नका तिला, पहिलं गिऱ्हाईक आहे!" ट्रॉली कुणी कधी बघितलीच नव्हती. लोक त्यात पोरं बसवायचे, कुत्री बसवायचे. थिएबोंनी तर पाय दुखणाऱ्या सासूबाईंना बसवलं आणि तसेच घरापर्यंत ढकलत घेऊन गेले. ट्रॉली चार दिवसांनी परत आली. सासूबाईंना सोडवेना म्हणे.

आणि मग काय विचारता! सातांची चाळीस दुकानं झाली, चाळिसांची शंभरावर गेली. पेट्रोल पंप आला, कॅफेटेरिया आला, हिरव्या पक्ष्याचे पेले आले. दहा वेळा पेट्रोल भरलं की एक पेला फुकट. आमच्या गावात आजही लग्नाला जा, तुमच्या हातात तोच पेला येतो. शनिवारी दुपारी गाडी लावायला जागा मिळायची नाही. लोक खरेदीला यायचे, भांडायला यायचे, लग्नं जुळवायला यायचे. मी नवऱ्याला पहिल्यांदा बघितला तो मोहरीच्या बरण्यांपाशी. तेव्हाच दुसऱ्या रांगेत गेले असते तर बरं झालं असतं, पण ते असो.

ओदिल आली एकाहत्तर साली, बावीस वर्षांची. कामावर ठेवली होती फळ्यांवर माल लावायला. एक दिवस माइकवाला माणूस घसा बसून घरी राहिला. मॅनेजरने जी समोर दिसली तिला वर ढकललं. ओदिल वर गेली. खाली आम्हाला आधी फक्त श्वास ऐकू आला. मग एकदम, "बायांनो, बुवांनो! मोरतो गावचं सॉसेज आज एकावर एक फुकट! धुरावलेलं, लठ्ठ, आणि माझ्या आत्याच्या नवऱ्यापेक्षा बरं दिसणारं!" आख्खं दुकान थबकलं आणि मग हसत सुटलं. सॉसेज अकरा वाजेपर्यंत संपलं. आत्याचा नवरा मात्र वर्षभर तिच्याशी बोलला नाही.

आणि मग एकोणऐंशी साली गुल्वेन आला.

समुद्र आमच्यापासून एवढा लांब, की इथल्या माणसाला मासा म्हणजे नदीतला ट्राउट, नाहीतर डब्यातला सार्डिन. गोतेरोच्या डोक्यात आलं, की प्रत्येक पेलिकानला ताज्या समुद्री माशांचा काउंटर हवा. म्हणून समुद्राकाठच्या ब्रेतान्यहून गुल्वेन केरमारेक आला: उंच, लाल कान, बोलणं मोजकं. काउंटर दुकानाच्या अगदी मागच्या भिंतीला. पहिल्याच सकाळी ओदिलने घोषणा केली, बटाट्यांबद्दल, आणि मागून गडगडाटासारखा आवाज आला: "मादाम ओदिल! मागे ऐकू येत नाही!"

ओदिल दचकली. मग तिने बटाटे पुन्हा सांगितले, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून. मागून आवाज: "आभारी आहे!"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज सकाळी एकदा, दुपारी एकदा. "मादाम ओदिल, मागे ऐकू येत नाही!" आणि ओदिल पुन्हा सांगणार, फक्त त्याच्यासाठी, त्या दुसऱ्या वेळी तिचा आवाज वेगळाच असायचा, लोणी लावलेल्या पावासारखा. गिऱ्हाइकांना सवय झाली. लोक पहिली घोषणा कानाआड करायचे, दुसरी ऐकायचे.

आता आमच्याकडे पद्धत अशी, की नवा माणूस आला की आठवडाभर 'तुम्ही', मग कुणीतरी वाइनचा पेला पुढे करतो आणि 'तू' सुरू. मॅनेजरलासुद्धा मी तू म्हणायचे, आणि खरं तर त्याच्या लायकीला तेसुद्धा जास्तच होतं. पण ही दोघं? सत्तावीस वर्षं 'मादाम ओदिल, तुम्ही' आणि 'मस्यो गुल्वेन, तुम्ही'. सकाळी भेटले की बाकी आम्ही सगळे गालाला गाल लावायचो, ही दोघं हात मिळवायची. मी म्हणायचे, "अगं, तो काय प्रांताधिकारी आहे का?" ओदिल म्हणायची, "लिलियान, गप्प बस." एवढं मात्र तिला माइकशिवाय जमायचं.

एक एप्रिलला तर ओदिलचा सणच. त्या दिवशी आमच्याकडे कागदाचा मासा कापायचा आणि गुपचूप दुसऱ्याच्या पाठीवर चिकटवायचा. पाठीवर मासा असलेल्याला कुणी सांगायचं नसतं, त्याला स्वतःला सापडेपर्यंत सगळ्यांनी जीभ चावून गप्प राहायचं, आणि सापडला की ओरडायचं, "एप्रिलचा मासा!" शिवाय त्या दिवशी कुणी थाप मारली तर ती थापही मासाच. ओदिल माइकवरून एकाहून एक मासे सोडायची. एका वर्षी म्हणाली, चीजच्या काउंटरवर आज भोकं वेगळी मिळतील, पिशवी घरून आणा. आमचे पाद्री पिशवी घेऊन आले हो! एका वर्षी म्हणाली, मस्यो गुल्वेन आज गिऱ्हाइकांच्या ट्राउटला पोहायला शिकवणार आहेत. अकरा बायका रांगेत उभ्या. आणि गुल्वेन काय करतो? गंभीर चेहऱ्याने एकेकीचा ट्राउट बादलीत सोडून म्हणतो, "पाय हलव, पाय."

अठ्ठ्याऐंशीत म्हातारा गोतेरो गेला आणि दुकान त्याच्या दोन जावयांच्या हातात पडलं. एकाला घोडे आवडायचे आणि दुसऱ्याला पहिला आवडत नसे. भांडता भांडता त्यांनी सगळं पॅरिसच्या मोठ्या मंडळींना विकलं. पॅरिसहून टाय लावलेले तीन पोरगे आले आणि पाटीवरचा पक्षी बदलून गेले. नवीन पक्ष्याला चोच एवढीशी! मी तेव्हाच म्हटलं, "पेलिकानची चोच कापली, आता हे कबूतर किती दिवस उडणार?" मला ऑफिसात बोलावून समज दिली. मी खूप हसले.

मग त्यांनी पॅरिसहून रेकॉर्ड केलेला आवाज पाठवला. सगळ्या दुकानांत एकच बाई, एकच घोषणा. जानेवारीत आमच्या दारात गुडघाभर बर्फ, आणि ती बया वरून सांगतेय, "उन्हाचं क्रीम, समुद्रकिनाऱ्यासाठी खास!" मागून गुल्वेन गरजला, "मागे ऐकू येत नाही!" पण रेकॉर्ड कुठलं पुन्हा सांगायला? तो पुन्हा गरजला. पुन्हा. तीन दिवस त्याने असा धुमाकूळ घातला की मॅनेजरने शेवटी वायरमन आणला.

वायरमन स्टुलावर चढला, माशांच्या काउंटरवरचा स्पीकर उघडून बघितला आणि माझ्या काउंटरवर सिगारेट घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "त्या मासेवाल्याचे कान तपासा. आख्ख्या दुकानात सगळ्यांत खणखणीत स्पीकर त्याच्याच डोक्यावर आहे. बसवल्या दिवसापासून बिघडलेला नाही."

माझ्या हातातली सिगारेटची पेटी तशीच राहिली. एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं रोज दोनदा! मी काउंटर बंद केला, रांगेला म्हटलं "थांबा, मरत नाही तुम्ही," आणि सात पायऱ्या धडधड चढून गेले. "ओदिल! त्याला सगळं ऐकू येतं! पहिल्यापासून ऐकू येतं!"

मानेपासून वर चढत चढत तिचा रंग गाजरासारखा झाला. "मग तो पुन्हा का सांगायला लावतो?" असं तिने विचारलं. हो, खरंच विचारलं! मी म्हटलं, "बाई गं, तुला बटाट्यांबद्दल एवढं बोलता येतं आणि एवढं कळत नाही?"

मॅनेजरने रेकॉर्ड बंद केलं, ओदिलला माइक परत मिळाला. आणि तुम्हाला वाटेल, आता झालं. कसलं झालं! त्यानंतर आणखी आठ वर्षं तेच. "मागे ऐकू येत नाही!" आणि ती पुन्हा सांगणार. आता तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मला माहीत होतं, फक्त त्या लाल कानांच्या माणसाला काही माहीत नव्हतं. मी तिला रोज टोचायचे, "जा, बोल त्याच्याशी." ती निघायची, मैद्याच्या फळीपर्यंत जायची आणि मैदा घेऊन परत यायची. तिच्या घरात इतका मैदा साठला की पाव विकायला काढला असता.

तेवढ्यात हायवेवर प्रचंड मोठं दुकान उभं राहिलं, दुसरीकडे खोक्यांतून स्वस्त माल विकणारं आलं. एकेक पेलिकान मिटू लागलं. शंभरांची साठ झाली, साठांची बारा. आमचा कॅफेटेरिया गेला, पंप गेला, आठ काउंटरांचे तीन राहिले. आणि दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत दारावर नोटीस लागली: 'शनिवार, एक एप्रिल रोजी दुकान कायमचे बंद होत आहे.'

पॅरिसमधल्या त्या शहाण्याने कॅलेंडर बघितलं नव्हतं, दुसरं काय? आख्खं गाव नोटिशीपुढे उभं राहून पोट धरून हसलं. "वा ओदिल! या वर्षी दोन महिने आधीपासूनच!" मी घसा फोडून सांगितलं, की हा मासा नाही. लोक मला डोळा मारायचे. महापौरांच्या बायकोने तर एप्रिलच्या मध्यावर घ्यायचं ईस्टरचं कोकरू आमच्याकडेच सांगून ठेवलं.

ओदिलला दुकानाचं दुःख होतंच. पण खरं दुखणं वेगळं. गुल्वेनने ब्रेतान्यला बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं होतं. दोन एप्रिल, रविवार, दुपारच्या गाडीचं तिकीट काढलेलं. म्हणजे बोलायचं तर शनिवारपर्यंत. त्यानंतर माइकही नाही आणि मागच्या भिंतीला माणूसही नाही.

"आज बोल," मी सोमवारी म्हटलं. ती मैदा घेऊन आली. मंगळवारी मैदा. शुक्रवारी फळीवरचा मैदाच संपला.

शनिवार उजाडला. दुकान तुडुंब! गोतेरोच्या काळातसुद्धा अशी गर्दी नव्हती. फळ्या अर्ध्या रिकाम्या, आणि लोक हसताहेत, एकमेकांच्या पाठीवर मासे चिकटवताहेत, ओदिल कधी 'फसलात!' म्हणते याची वाट बघताहेत. सात वाजायला दहा मिनिटं असताना माइक खरखरला.

"बायांनो, बुवांनो," ओदिल म्हणाली. "हा मासा नाही. पेलिकान खरंच बंद होतंय. पस्तीस वर्षं तुम्ही माझं ऐकलंत, तुमचे आभार."

टाळ्या! शिट्ट्या! "झकास मासा!" कुणीतरी ओरडलं. मला त्या गर्दीचे गळे दाबावेसे वाटले. तेवढ्यात माइक पुन्हा खरखरला. आधी फक्त श्वास ऐकू आला, पहिल्या दिवशीसारखा.

"मासे विभागातले मस्यो गुल्वेन," ओदिल म्हणाली, "तुम्ही उद्याच्या गाडीने जाऊ नका. माझ्याशी लग्न करा."

मी डोळे मिटून घेतले.

आणि दुकान जे फुटलं! लोक ट्रॉल्यांना धरून हसले. पाद्री बाटल्यांच्या फळीला टेकून हसले. "एप्रिलचा मासा! मासेवाल्याला मासा!" आख्खं गाव एका सुरात. मी टाचा उंच करून मागे बघितलं. गुल्वेन बर्फावर वाकला होता, खांदे हलत होते. तोही हसतोय, असं मला वाटलं. वर काचेतून ओदिललाही तेवढंच दिसलं. आणि मी वाट बघत होते, आता मागून तो गडगडाट येईल, 'मागे ऐकू येत नाही', मग ती पुन्हा सांगेल, मग लोकांना कळेल. पण सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मागून काहीही आवाज आला नाही.

ओदिल खाली आली ती पांढरीफटक. सगळ्यांचा निरोप घेणं चालू होतं, गालाला गाल, डोळ्यांत पाणी, कारण शटर खाली यायला लागल्यावर लोकांची ट्यूब पेटली होती. गुल्वेन हात पुसत पुढे आला. ओदिलने हात पुढे केला. त्याने हात घेतलाच नाही. वाकून तिच्या दोन्ही गालांना गाल लावला आणि पाठीवर थोपटलं, जरा जास्तच वेळ. मग "येतो" म्हणून मागच्या दाराने गेला.

ओदिल वळली. तिच्या करड्या कोटावर, बरोबर मधोमध, मासा! मासे गुंडाळायच्या कागदाचा, कात्रीने कापलेला, किमतीच्या चिकटपट्टीने चिकटवलेला. आणि त्यावर निळ्या शाईने काहीतरी लिहिलेलं. मी वाचलं. काय लिहिलं होतं ते तुम्हाला आत्ता सांगणार नाही. पाठीवरच्या माशाबद्दल बोलायचं नसतं, नियम म्हणजे नियम.

तिच्या घरापर्यंत आम्ही चालत गेलो. त्या पंधरा मिनिटांत मी जे सोसलं ते कुणी सोसलं नसेल. ओदिल मुसमुसत होती. "गेला, लिलियान. हसला आणि गेला." मी जीभ चावून, "हं." बेकरीवाली दारात आली, ओदिल पुढे गेल्यावर तिने पाठ वाचली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवून आत पळाली. बसवाल्याने शेजारून जाताना बस हळू केली, वाचलं आणि हॉर्न वाजवला, एकदा नाही, गल्ली संपेपर्यंत. पाद्री सायकलवरून मागून आले आणि वाचता वाचता कारंज्याच्या कठड्याला धडकले.

"बघ," ओदिल रडत म्हणाली, "सगळं गाव हसतंय मला."

"हसू दे," मी म्हटलं. माझ्या जिभेतून रक्त यायचं बाकी होतं.

घरी पोचलो. मी तडक स्वयंपाकघरात गेले, कॉफी ठेवते म्हणून. खरं तर मला तिच्यासमोर उभं राहवेना. बाहेर ओदिलने कोट काढल्याचा आवाज आला, मग खुंटीवर अडकवल्याचा. मग काहीच नाही. कॉफी उतू गेली, मी हलले नाही.

मग बाहेरून पुटपुटल्यासारखं काहीतरी आलं.

माझ्याने राहवलं नाही. मी छातीत हवा भरली आणि आयुष्यात पहिल्यांदा गुल्वेनची ओळ ओरडले, "मादाम ओदिल! मागे ऐकू येत नाही!"

आणि ओदिल पेरनूने, हातात माइक नसताना, स्वतःच्या दिवाणखान्यात उभं राहून, खालच्या मजल्यावरची कुत्री भुंकायला लागतील इतक्या मोठ्याने वाचलं:

"ऐकू आलं. हो. उद्या दोन तारीख, उद्याही हो. तिकीट फाडलं. तुझा गुल्वेन."

मग ती थांबली, आणि त्यातलं 'तुझा' तेवढं तिने पुन्हा एकदा वाचलं.